मॉरिशसची वीज कुठून येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसमध्ये राहणारे, तिकडे कामाला जाणारे, ऊस आणि साखर कारखान्यांशी संबंध असलेले आणि नुसत्या कुतूहलाने चौकशी करणारे वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

मॉरिशसमध्ये वीज नेमकी कशापासून तयार होते?

वर्षाला साधारण ३,००० गिगावॅट-तास, म्हणजे ३०० कोटी युनिट वीज लागते. त्यातली सुमारे ८० टक्के बाहेरून जहाजाने आणलेल्या इंधनावर तयार होते. ही इंधने मुख्यतः दोन: भट्टीचे जड तेल (फर्नेस ऑइल) आणि दगडी कोळसा. उरलेल्या वीस टक्क्यांत सर्वात मोठा वाटा बगॅसचा, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्याचा. त्याच्या मागे सौर आणि पाणी, आणि थोडीशी वीज वाऱ्यापासून व कचऱ्याच्या वायूपासून. देशातल्या एकमेव मोठ्या कचराभूमीवर, मार शिकोज येथे, साठलेल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन गोळा करून इंजिनात जाळतात. त्यातून सुमारे ३ मेगावॅट मिळतात. देशात तेल, कोळसा किंवा नैसर्गिक वायू यांपैकी काहीही सापडत नाही.

वीज तयार कोण करते आणि घरापर्यंत कोण पोचवते?

सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड, म्हणजे सीईबी, ही १९५२ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. पारेषण आणि वितरण पूर्णपणे तिच्याकडे आहे. निर्मिती मात्र वाटलेली आहे. साधारण ४० टक्के वीज सीईबी स्वतःच्या तेलावरच्या व पाण्यावरच्या केंद्रांत बनवते. बाकीची ती खासगी उत्पादकांकडून विकत घेते आणि यातले मोठे उत्पादक साखर कारखान्यांना जोडलेले आहेत. ग्राहकाचा संबंध फक्त सीईबीशी येतो.

पारेषण ६६ किलोव्होल्टवर होते. उपकेंद्रात ते २२ किलोव्होल्टवर उतरते, आणि गल्लीतल्या रोहित्रातून घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बेट लहान, उत्तर-दक्षिण अंतर ६५ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडच्यासारख्या २२० किंवा ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांची गरज पडत नाही.

वीज कमी पडली तर शेजारच्या देशाकडून का घेत नाहीत?

कारण शेजारी जोडलेलाच नाही. सर्वात जवळचे बेट रियुनियन, सुमारे २०० किलोमीटरवर, आणि मध्ये हजारो मीटर खोल समुद्र. तारेने कोणाशीही न जोडलेले ग्रीड (वीजजाळे) ही इथल्या वीजव्यवस्थेची मूळ गोष्ट आहे. संचांचा आकार, विजेची किंमत, वादळानंतर लागणारा वेळ आणि सौर ऊर्जेची मर्यादा हे सगळे याच एका गोष्टीतून निघते, म्हणून हे उत्तर जरा लांबले तरी वाचा.

भारताची कमाल मागणी मे २०२४ मध्ये २,५०,००० मेगावॅटवर गेली. त्यात ४५ मेगावॅटचा एखादा संच अचानक बंद पडला तर कोणाला कळतही नाही. मॉरिशसची कमाल मागणी ५०० मेगावॅटच्या घरात आणि सरासरी साडेतीनशेच्या आसपास. तिथे तोच ४५ मेगावॅटचा संच म्हणजे चालू असलेल्या निर्मितीचा नववा-दहावा हिस्सा.

हिशोब करून पाहू. ४०० मेगावॅट निर्मिती चालू आहे आणि फिरत्या यंत्रांमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षमतेच्या साडेतीन सेकंदांइतकी आहे असे धरा. ४५ मेगावॅट अचानक गेले तर वारंवारता (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, एरवी ५० हर्ट्झ) सेकंदाला सुमारे ०.८ हर्ट्झ वेगाने घसरू लागते. म्हणजे ५० वरून ४९ हर्ट्झवर यायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात बाकीच्या इंजिनांच्या गव्हर्नरनी (वेग राखणाऱ्या यंत्रणांनी) इंधन वाढवून भार उचलला तर निभावते. नाही उचलला, तर कमी वारंवारतेचे रिले ठरावीक फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) आपोआप तोडतात. काही गावे काळोखात जातात पण बेट वाचते. हे रिले नसते तर एकामागून एक संच स्वतःच्या बचावासाठी बंद पडले असते आणि सगळे बेट अंधारात गेले असते.

म्हणूनच इथे २०० किंवा ५०० मेगावॅटचा एकच मोठा, स्वस्त पडणारा संच बसवता येत नाही. जितका मोठा एक संच, तितकी राखीव क्षमता कायम फिरती ठेवावी लागते आणि त्या राखीव क्षमतेलाही इंधन लागते. अणुवीजकेंद्राबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

बगॅसपासून वीज कशी बनते?

मॉरिशसने जगाला दाखवून दिलेली गोष्ट ही. साखर कारखान्याने ग्रीडला वीज विकण्याची सुरुवात इथे १९५७ मध्ये सेंट अँटोइन कारखान्यापासून झाली. आजच्या केंद्रांचा नमुना मात्र २००० साली बेल व्ह्यू येथे उभ्या राहिलेल्या ७० मेगावॅटच्या केंद्राने घालून दिला. २००७ मध्ये दक्षिणेला ला बराक येथे ९० मेगावॅटचे केंद्र आले.

एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो बगॅस निघते. गिरणीच्या शेवटच्या रोलरमधून बाहेर पडताना त्यात निम्मे पाणी असते. पट्ट्यावरून ते थेट बॉयलरकडे जाते आणि जास्तीचे शेडमध्ये साठते. बॉयलरमध्ये हवेच्या झोताने ते भट्टीत फेकले जाते. बारीक चोथा हवेतच जळतो, जाड तुकडे खालच्या जाळीवर पडून जळतात. तयार झालेली वाफ ८२ बार दाबाची आणि ५२५ अंशांची असते. टर्बाईनमध्ये ती पसरत जाते, मधल्या टप्प्यावर काही वाफ काढून कारखान्याला रस आटवण्यासाठी दिली जाते, उरलेली शेवटपर्यंत जाऊन संघनकात पाणी होते. कारखान्याला टनामागे ४०० ते ४५० किलो वाफ लागते.

दाब इतका महत्त्वाचा का, हे विचारणे योग्यच आहे. जुन्या २० बारच्या बॉयलरवर कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि विकायला फार थोडे उरते. ४५ बारच्या आसपास गेल्यावर टनामागे ६० ते ८० युनिट ग्रीडला देता येतात. ८२ बारवर हा आकडा ११० ते १३० युनिटपर्यंत पोचतो. ऊस तोच, चोथाही तोच.

बगॅस ओले असेल तर किती फरक पडतो?

पुष्कळ. ५० टक्के ओल असलेल्या बगॅसचे उष्मांकमूल्य किलोला साडेसात ते आठ मेगाज्यूल. ओल एक टक्क्याने वाढली की सुमारे ०.२ मेगाज्यूल कमी होतात, म्हणजे अडीच टक्क्यांहून अधिक उष्णता गेली. गिरणीच्या शेवटच्या रोलरचा दाब नीट नसेल किंवा पाणी घालण्याचे प्रमाण जास्त असेल, तर साखरेचा उतारा कदाचित वाढेल, पण वीज घटेल. ५३ टक्क्यांच्या पुढे भट्टी थंड पडते, जाळीवर ओल्या चोथ्याचे ढीग बसतात आणि वाफेचा दाब हेलकावे खाऊ लागतो.

अशा केंद्रांत बिघाड कशामुळे होतात?

सर्वात महाग बिघाड साखरेमुळे होतो. कारखान्याच्या आटवणी भांड्यांतून परत येणारे गरम पाणी बॉयलरमध्ये घेतात. एखाद्या भांड्याची नळी गळली की त्या पाण्यात रस मिसळतो. ८२ बारच्या बॉयलरच्या तापमानाला साखर फुटून त्यातून सेंद्रिय आम्ले तयार होतात, पाण्याचा सामू कोसळतो आणि नळ्या आतून खाल्ल्या जातात. म्हणून नियम असा की फक्त पहिल्या भांड्याचे पाणी परत घ्यायचे, कारण ते रसाच्या वाफेचे नव्हे, तर टर्बाईनच्या वाफेचे पाणी असते. त्या वाटेवर विद्युतवाहकता मोजणारा मीटर कायम चालू ठेवायचा. पाण्यातली साखर ओळखणारी अल्फा-नॅफ्थॉलची चाचणीही दर पाळीत करायची. आकडा चढला की पाणी गटारात सोडायचे आणि शुद्ध केलेले पाणी घ्यायचे. एक टाकी पाणी वाया गेल्याचे वाईट वाटते. बॉयलरच्या नळ्या बदलायला मात्र हंगाम जातो.

दुसरा त्रास माती-दगडाचा. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर माती येते, ती राखेत जाते आणि राख वेगाने नळ्यांवर आदळून त्या घासते. झीज इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचे पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यांवर आणि हवेच्या वळणांवर आधी दिसते.

तिसरा आगीचा. मोठ्या ढिगात जंतूंच्या क्रियेने आतून उष्णता वाढते. ढीग उंच, जुना आणि अर्धवट सुका असला की तो आतून धुमसतो. वरून पाणी मारून उपयोग होत नाही, यंत्राने ढीग उपसून पसरावा लागतो. जुना साठा आधी वापरणे हा सर्वात स्वस्त उपाय. बुरशी लागलेला सुका चोथा हाताळणाऱ्यांना बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. त्या शेडमध्ये मास्क न लावता कोणीही जाऊ नये.

हंगाम संपल्यावर ही केंद्रे काय जाळतात?

कोळसा. ऊसतोड जूनपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. उरलेले पाच-सहा महिने त्याच बॉयलरमध्ये, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून आणलेला कोळसा जळतो. साधारणपणे एका युनिटला अर्धा किलो कोळसा किंवा दोन किलो ओले बगॅस, असे प्रमाण लक्षात ठेवायला हरकत नाही.

इथेच लोकांचा गैरसमज होतो. ‘साखर कारखान्याची वीज’ म्हणजे सगळी हिरवी वीज, असे धरून चालतात. वर्षभराचा हिशोब काढला तर या केंद्रांतली बरीच वीज कोळशाची असते. पण वर्षभर चालण्याची हमी दिली म्हणूनच त्यांना दीर्घ मुदतीचे करार आणि भांडवल मिळाले, आणि ८२ बारची यंत्रे बसली. कोळसा ही त्या यंत्रांची किंमत होती. ती आता जड वाटू लागली आहे.

महाराष्ट्रातल्या सहवीजनिर्मितीपेक्षा हे वेगळे कसे?

तंत्र तेच. आपल्याकडेही अनेक कारखान्यांनी उच्च दाबाचे बॉयलर बसवले आहेत आणि महावितरणला वीज विकतात. फरक हंगामाचा आहे: आपले गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्चच्या आसपास, त्यांचे जून ते डिसेंबर. दुसरा फरक वजनाचा. महाराष्ट्राच्या मागणीत सहवीजनिर्मिती हा पूरक भाग आहे. मॉरिशसमध्ये ऐन गाळपात एखादा कारखाना पावसाने थांबला, तर बोर्डाच्या नियंत्रण कक्षाला त्याच मिनिटाला तेलावरची दोन इंजिने वाढवावी लागतात.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून गेलेले मराठी मजूर याच उसाच्या मळ्यांत राबले. व्हाकोआ, कास्काव्हेल इथे त्यांचे वंशज आजही गणेशोत्सव करतात, आणि गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते.

तेलावरची केंद्रे कोणती, आणि त्यात काय चालते?

पोर्ट लुईस बंदराच्या परिसरात ती आहेत: फोर्ट जॉर्ज, सेंट लुई, फोर्ट व्हिक्टोरिया. तिथे जहाजांत असतात तशी मोठी डिझेल-पद्धतीची इंजिने आहेत. फोर्ट जॉर्जची इंजिने मंद गतीची, एकेक २४ ते ३० मेगावॅटची. फोर्ट व्हिक्टोरिया आणि सेंट लुईची मध्यम गतीची, १५ मेगावॅटच्या आसपासची. एका युनिटला सुमारे २०० ग्रॅम तेल लागते, म्हणजे कार्यक्षमता चांगली. पंधरा-पंधरा मेगावॅटची अनेक इंजिने असल्याने एक बंद पडले तरी बेट डगमगत नाही.

हे तेल थंड असताना डांबरासारखे असते. ते टाकीत ५० ते ६० अंशांवर ठेवतात. स्थिर टाकीत पाणी आणि गाळ तळाशी बसू देतात आणि ते काढून टाकतात. मग सुमारे ९८ अंशांवर सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून गाळ वेगळा करणाऱ्या यंत्रातून) काढतात. शेवटी १२० ते १४० अंशांपर्यंत तापवून, इंजेक्टरजवळ त्याचा चिकटपणा १२ ते १६ सेंटीस्टोक झाला की आत सोडतात. तापमानाकडे बघून नव्हे, चिकटपणाच्या मीटरकडे बघून तापवायचे, कारण प्रत्येक जहाजातले तेल वेगळे असते.

तेलातले ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण सेंट्रिफ्यूज नीट चालला नाही की इंजेक्शन पंप आणि सिलिंडर खरवडतात. व्हॅनेडियम आणि सोडियम एकत्र आले की त्यांचे क्षार एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर वितळून चिकटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. सोडियम बरेचदा समुद्राच्या पाण्यातून येते, म्हणून तेल उतरवताना पाण्याचे प्रमाण तपासणे हे वेळखाऊ वाटले तरी टाळू नये. दोन वेगळ्या खेपांचे तेल एकाच टाकीत मिसळले की कधी कधी गाळ फुटतो आणि फिल्टर तासातासाला तुंबू लागतात.

२०००च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दहाहून अधिक वर्षे मॉरिशसचे पेट्रोलियम पदार्थ मुख्यतः आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होते.

निकोले केंद्र फार कमी वेळा चालते असे ऐकले. मग ठेवले कशाला?

तिथे रॉकेलवर चालणाऱ्या तीन गॅस टर्बाईन आहेत, एकूण ७५ मेगावॅटच्या आसपास. दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण भारावर येतात. थंड पडलेल्या कोळशाच्या बॉयलरला यासाठी आठ-दहा तास लागतात. रॉकेल महाग, कार्यक्षमता कमी, त्यामुळे तिथली वीज देशातली सर्वात महाग. ती अग्निशामक यंत्रासारखी आहे. संध्याकाळी मागणी चढली आणि त्याच वेळी एखादा संच गेला, की तिचे मोल कळते.

पाऊस इतका पडतो, मग पाण्यावरची वीज एवढी कमी का?

मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो हे खरे. पण नद्या आखूड आहेत. पावसानंतर काही तासांतच पाणी समुद्रात जाते आणि साठवायला मोठ्या दऱ्या नाहीत. साठलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, दुसरा सिंचनाचा.

ढोबळ हिशोब असा: सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून सोडले तर सुमारे ८५० किलोवॅट मिळतात. सर्वात मोठे केंद्र शांपान्य, ३० मेगावॅटचे, १९८४ पासून चालू. त्यानंतर टॅमरिंड फॉल्स आणि फेर्ने, दोन्ही १० ते १२ मेगावॅटच्या आसपास. सगळी मिळून क्षमता ६० मेगावॅटच्या आसपास आहे, पण वर्षभराच्या विजेत वाटा तीन-चार टक्केच. म्हणून शांपान्यचे पाणी दिवसभर राखून संध्याकाळी सोडण्यातच शहाणपण. पाण्याचे टर्बाईन काही मिनिटांत सुरू होते आणि बाहेरची वीज नसतानाही सुरू करता येते. सगळे बेट अंधारात गेले तर पहिला दिवा लावण्यासाठी अशीच यंत्रे लागतात.

सौर पॅनेल छतावर कोणत्या दिशेला तोंड करून बसवावेत?

उत्तरेला. भारतातून आलेले काही कारागीर सवयीने दक्षिणेला तोंड करतात आणि मोठे नुकसान होते. मॉरिशस २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे मुंबई विषुववृत्ताच्या वर जितकी तितकेच हे खाली. उतार सुमारे २० अंश ठेवा. एक किलोवॅट पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट धरावेत.

पॅनेल किती बसवले यापेक्षा ते छताला कसे धरून ठेवले आहेत, याची चौकशी आधी करा. चक्रीवादळात वारा खालून शिरून पॅनेल वर उचलतो. स्लॅबमध्ये रासायनिक अँकर, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, छताच्या कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर हवेच. नुसते वजन ठेवून बसवलेली चौकट इथे चालत नाही. समुद्राजवळ ॲल्युमिनियमच्या चौकटीला साधा लोखंडी बोल्ट लावला तर दोन-तीन वर्षांत गंजून सुटतो.

छतावर सौर पॅनेल असूनही वीज गेली की घरात अंधार का?

कारण ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर, ग्रीड गेली की मुद्दाम बंद होतो. तो चालू राहिला तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरची वीज लागेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर हवा, आणि तो घराचा भार ग्रीडपासून वेगळा तोडणारा असायला हवा. विकत घेताना हा एक प्रश्न विक्रेत्याला विचारला नाही, म्हणून वादळानंतर पस्तावणारे पुष्कळ आहेत.

मोठे सौर आणि वाऱ्याचे प्रकल्प किती आहेत? सगळी वीज त्यांच्यावर का नाही?

बांबू येथे १५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला. हेन्रिएटा येथे बोर्डाचा स्वतःचा आहे. भारताच्या मदतीच्या ८ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाच्या कामाचा प्रारंभ जानेवारी २०२२ मध्ये झाला. ईशान्येला प्लेन दे रोश येथे ११ पवनचक्क्या, एकूण ९.३५ मेगावॅट, २०१६ पासून फिरत आहेत.

अडचण पुन्हा त्याच एकट्या ग्रीडची. बेट लहान असल्याने एकच ढग बऱ्याच पॅनेलवर एका वेळी येतो आणि काही मिनिटांत निर्मिती अर्ध्यावर येते. राजस्थानात ढग आला तर गुजरातचे ऊन कामी येते, इथे तसे नाही. म्हणून २०१८ पासून बोर्डाने ग्रीडला बॅटऱ्या जोडायला सुरुवात केली. त्यांचे पहिले काम रात्रभर दिवे लावणे नसून, वर सांगितलेल्या त्या सव्वा सेकंदात वारंवारता सावरणे हे आहे. संध्याकाळी ६ ते ९ ही कमाल मागणीची वेळ, आणि तेव्हा सूर्य नसतो. तिथपर्यंत ऊन पोचवायला आणखी कितीतरी मोठा साठा लागेल.

चक्रीवादळाच्या वेळी वीज कधी जाते आणि कधी येते?

इशाऱ्याचे चार वर्ग असतात. चौथा वर्ग म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले आहेत किंवा होणार आहेत. तेव्हा कोणीही दुरुस्तीला बाहेर पडत नाही. तारा मुख्यतः झाडे पडून तुटतात. दुसरे कारण मीठ. वादळात पाऊस कमी आणि वारा जास्त असेल तर समुद्राचे तुषार आत अनेक किलोमीटर येऊन इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. नंतर हलकीशी ओल आली की त्यावरून ठिणगी पडून वाहिनी बंद होते. वादळ शमल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, आभाळ स्वच्छ असताना वीज गेली तर बरेचदा कारण हेच असते. थर धुऊन काढल्याशिवाय ती टिकत नाही.

जोडणीचा क्रम ठरलेला: केंद्रे, ६६ किलोव्होल्ट, उपकेंद्रे, मग रुग्णालये आणि पाण्याचे पंप असलेले फीडर, मग बाकीचे. शेजारच्या गल्लीत दिवे आले आणि तुमच्याकडे नाहीत, याचा अर्थ बहुधा वेगळा फीडर. दोन दिवस बंद असलेला फीडर जोडताना सगळे फ्रीज आणि पंप एकदम सुरू होतात आणि भार नेहमीच्या दुप्पट होऊ शकतो. म्हणून फीडर एकेक करून जोडतात.

घरी करायचे ते एवढेच: दुसऱ्या वर्गाचा इशारा आला की टाकी भरा, फोन चार्ज करा. घरात पाणी शिरण्याची शक्यता असेल तर मुख्य स्विच आधी बंद करा, पाणी आल्यावर त्याला हात लावू नका. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या, इतके पाणी तासाभरात आले. पडलेल्या तारेपासून दहा मीटर दूर राहा, ती मेलेली वाटली तरी. जनित्र घराच्या सॉकेटमध्ये उलटे जोडू नका, चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. जनित्र उघड्यावरच चालवा, बंद व्हरांड्यात त्याचा धूर जीव घेतो. वीज आल्यावर फ्रीज पंधरा मिनिटांनी सुरू करा.

भारतातली उपकरणे तिथे चालतील का?

चालतील, व्होल्टेज आणि वारंवारता तीच आहे. प्लग मात्र बदलतो. तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे आणि युरोपीय दोन गोल पिनांचे सॉकेट असतात. आपला तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही. अडॅप्टर घेऊन जा.

वीज महाग का?

इंधन जहाजाने येते आणि डॉलरमध्ये येते. तेल किंवा कोळसा महागला, किंवा मॉरिशसचा रुपया घसरला, की खर्च लगेच वाढतो. त्यावर राखीव संचांचा खर्च. घरगुती बिल टप्प्याटप्प्याचे आहे: जितके जास्त युनिट, तितका वरच्या टप्प्यातल्या युनिटला जास्त दर. एसी आणि पाणी तापवणारा गीझर हे दोनच बिलाला वरच्या टप्प्यात नेतात. छतावर सौर बंब बसवणे हा तिथे सर्वात लवकर पैसे परत करणारा उपाय.

रॉड्रिग्जची वीज मॉरिशसहून येते का?

नाही. रॉड्रिग्ज हे मॉरिशस देशाचेच दुसरे बेट सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला आहे आणि त्याचे ग्रीड पूर्ण वेगळे, काही मेगावॅटचे. पोर्ट माथुरिन आणि प्वाँत मोनिए येथे तेलावरची इंजिने, तर त्रेफ्ल आणि ग्रेनाड येथे पवनचक्क्या. इथल्या काही पवनचक्क्यांचे खांब बिजागरीवर आहेत. वादळाचा इशारा आला की तारा सैल करून पूर्ण चक्की जमिनीवर आडवी करतात आणि वादळ गेल्यावर पुन्हा उभी करतात.

२०३० पर्यंत कोळसा बंद होणार, असे जाहीर झाले होते. ते होईल का, आणि ऊस कमी होत असताना बगॅस कुठून येणार?

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या सुमारास मॉरिशसने २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे आणि कोळसा थांबवण्याचे जाहीर केले. वीस टक्क्यांच्या आसपास असलेल्या देशाला ते फार मोठे अंतर आहे.

बगॅसचे गणित सोपे आहे आणि काळजी वाटायला लावणारे. १९७०च्या दशकात चांगल्या वर्षी ५० ते ६० लाख टन ऊस पिकत होता. अलीकडे २५ लाखांच्या आसपास. स्वातंत्र्याच्या वेळी, १९६८ मध्ये वीसहून अधिक कारखाने होते, आता तीन. २५ लाख टनांना टनामागे १२० युनिट धरले तर ३० कोटी युनिट, म्हणजे देशाच्या गरजेचा दहावा हिस्सा. यंत्रे कितीही सुधारली तरी शेतात ऊसच नसेल तर हा आकडा वर जात नाही. साखरेचा भाव पडला की लहान शेतकरी जमीन पडीक ठेवतो. बगॅसचा मोबदला त्याच्या हातात पोचला तरच तो पुन्हा लागण करतो. आमच्या मते सौर पॅनेलपेक्षाही आधी हाच धागा पकडायला हवा, कारण बगॅसची वीज सूर्य मावळल्यावरही चालते आणि त्या जड टर्बाईनमुळे ग्रीडची वारंवारताही स्थिर राहते.

पाचट हा एक उपाय आहे. एकरी बरेच पाचट शेतात राहते आणि ते बगॅसपेक्षा सुके असते. पण सगळे उचलायचे नसते. निम्मे तरी जमिनीवर ठेवले तर ओल टिकते आणि तण कमी येते. शिवाय पाचटात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असते. ५०० अंशांच्या वरच्या सुपरहीटर नळ्यांवर त्याचे क्षार चिकटतात आणि धातू खातात. म्हणून ते बगॅसमध्ये थोड्या प्रमाणात मिसळून, कापून आणि माती झाडूनच जाळतात. दुसरी सोय म्हणजे उष्मांक जास्त देणाऱ्या, तंतुमय उसाच्या जाती आणि बाहेरून आणलेले लाकडाचे तुकडे. लाकूड मात्र पुन्हा जहाजानेच येणार.